कांडी शिळी होऊ दे

प्रिय यारिना,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पत्र कसलं, फोनमधला मजकूर. खालच्या मजल्यावरच्या ओक्सानाच्या मुलीने मोठ्या अक्षरात छापून आणून दिला, कारण काचेवर बोट सरकवत वाचणं मला जमत नाही. उत्तर मात्र कागदावरच देते आहे. फोन केला असता तर "हो आजी, बरं आजी" म्हणत तू तो टेबलावर उलटा ठेवला असतास आणि आपलं काम करत बसली असतीस. मला ते ऐकू येतं. तोलिक गुरुवारी बस घेऊन निघतो आणि शनिवारी ड्रेस्डेनला तुझ्या दारात पिशवी टाकतो. पिशवीत आक्रोड आहेत, मनुकांची बरणी आहे आणि तळाशी हे पत्र. आधी पत्र वाच, आक्रोड कुठे पळत नाहीत. सोमवारच्या आत ते तुझ्या हाती पडायला हवं, म्हणून तोलिकला मी घरची दारू दिली आहे, एरवी त्याला पाणीही विचारत नाही.

तू लिहितेस, की तांबं घातल्यापासून तुमच्या वीज करणाऱ्या कांड्यांचा आकडा असा चढला आहे की प्राध्यापक कॉरिडॉरमध्ये शीळ घालत फिरतात. दहा तारखेला निबंध छापायला जाणार, त्याच दिवशी मोटारवाले सही करायला येणार, आणि मोटारीच्या धुराड्यातून फुकट जाणाऱ्या उष्णतेची वीज होणार. छान. आणि मग अगदी शेवटी, निरोप घेता घेता, तू तीन ओळी लिहिल्या आहेस. वसंतात केलेल्या दोन कांड्या परत मोजल्या तर आकडा खाली आला. हे नक्की त्या नुरहानचं काम, ती वजनं करताना कानात गाणी घालून बसते. तू तसं प्राध्यापकांना लेखी दिलं आहेस आणि सोमवारी ते तिला बोलावून नारळ देणार आहेत. "तिला दोन लहान मुलं आहेत, वाईट वाटतं, पण काय करणार." हे "काय करणार" मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

नुरहानची चूक नाही. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं वाचायचं तर वाच. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, तू डॉक्टर. पण तांबं घातलेली कांडी मी तुझी आई लहान होती तेव्हापासून ओळखते.

लहानपणी तू शाळेत सांगायचीस की आमची आजी शास्त्रज्ञ होती. आजी नळ्या धुवायची. कारखान्याच्या प्रयोगशाळेत क्वार्ट्झच्या नळ्या आधी आम्लाने, मग तीनदा शुद्ध पाण्याने धुवायच्या, वाळवायच्या, त्यात बिस्मथ आणि टेल्युरियमचे तुकडे भरायचे, हवा काढून घ्यायची आणि तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. तोंड बंद करणं म्हणजे माझं काम. सबंध प्रयोगशाळेत माझ्याइतकं स्वच्छ तोंड कुणी बंद करत नसे, नळीचं म्हणते मी. स्वतःचं मला कधी बंद करता आलं नाही, असं तुझे आजोबा म्हणायचे. मग नळी भट्टीत झुलायची, वितळायची, आणि एका दिवसानंतर हळूहळू खाली सरकवत थंड केली की आतून चकचकीत कांडी निघायची. पापुद्र्यांची, अभ्रकासारखी. नखाने सोललीस तर सुटेल. त्या टेल्युरियमने आमच्या अंगाला लसणाचा वास यायचा. कितीही आंघोळ कर, श्वासातून, घामातून लसूण. ट्रामात आमच्या शेजारची जागा नेहमी रिकामी. तुमच्याकडे हल्ली हवा ओढणारे पंखे असतात, तुम्ही सुगंधी असता, त्यामुळे कोण या धंद्यातलं ते ओळखता येत नाही.

या मालाकडून काय हवं असतं ते मला एका वाक्यात सांगितलं होतं आणि मला ते लगेच कळलं: वीज जाऊ द्यायची, ऊब अडवायची. एक बाजू तापलेली, दुसरी गार, तर मधून वीज वाहते. आमच्या गावात खांब यायच्या आधी बापाने एक दिवा आणला होता, घासलेटाचा, वर पत्र्याच्या पंखांचं कडं. दिवा पेटला की त्याच्या उष्णतेवर रेडिओ चालायचा. रेडिओवर ट्रॅक्टरांचे आकडे सांगायचे आणि आमच्या गावात ट्रॅक्टर एकच होता, तोही बंद. पण दिवा खरा होता. नुसत्या बिस्मथ-टेल्युरियमने मात्र भागत नाही. त्यात चिमूटभर तिसरं काहीतरी घालावं लागतं, तेव्हा वीज नीट धावते. तुम्ही त्याला डोपिंग म्हणता. आम्ही सरळ भेसळ म्हणायचो. आमची नेहमीची भेसळ म्हणजे एक मीठ, शंभर ग्रॅम मालात दाण्याएवढं, आणि ते तोलायचं काम रोझा मोइसेयेव्हनाचं.

रोझा मोइसेयेव्हना तुला माहीत नाही. आपल्या घरात तिचं नाव निघत नसे. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, ओठांवर बारीक मिशी, खिशात कायम साखरेचा खडा. तिचा तराजू काचेच्या पेटीत असायचा आणि ती तोलत असताना दार उघडलं तर ती वळून न बघता म्हणायची, "परास्का, एक तर आत ये, नाहीतर बाहेर मर, वारा आत आणू नकोस." मला तिने तोलायला शिकवलं, वहीत लिहायला शिकवलं, आणि "विद्युत" हा शब्द चुकीचा लिहिते म्हणून वहीने टपली मारायला शिकवलं, म्हणजे तिनेच मारली. तिच्यासारखी टपली तुझ्या प्राध्यापकांना कुणी वेळेवर मारली असती तर बरं झालं असतं.

विभागाचा प्रमुख होता व्हिक्टर सव्हेलियेविच. गोरा, देखणा, हात नेहमी स्वच्छ. त्याच्या अंगाला लसणाचा वास आला नाही कधी, यावरून काय ते समज. पाहुणे आले की तो त्यांना सूपचं उदाहरण द्यायचा: सूप तेच, पण मीठ पडलं की चव येते, तशी ही भेसळ. पाहुणे माना डोलवायचे. रोझा मागून माझ्या कानात म्हणायची, "याने आयुष्यात सूप केलं असेल तर मी रशियाची झारीण."

नोव्हेंबरचा क्रांतीचा सण जवळ आला होता. सणाआधी प्रत्येकाने वर काहीतरी कळवायचं असायचं, कुणी जास्त दूध, कुणी जास्त बूट. आमच्याकडे उत्तरेतल्या हवामान केंद्रांसाठी यंत्रं होती, घासलेटाच्या शेगडीवर चालणारी, त्यावर तिथला बिनतारी संदेश चालणार. पण आकडा पुरेसा येत नव्हता. एका दुपारी रोझा जेवायला गेली असताना सव्हेलियेविच माझ्या टेबलाशी आला. कागदात गुंडाळलेली तांब्याची तार, नखाच्या कोरीएवढे तुकडे कापलेले. "परास्का, प्रत्येक नळीत एक. वहीत लिहायचं नाही, आधी पाहू काय होतं." मी म्हटलं, "रोझा मोइसेयेव्हनांना सांगू?" तो हसला. "कशाला? त्यांनी तोललेलं तसंच राहू दे. आपण फक्त थोडी चव वाढवतो आहोत." मी टाकले. मला त्याच्यासारख्या माणसाने "आपण" म्हटलं होतं, एवढं मला पुरलं.

तिसऱ्या दिवशी कांडी मोजली. काटा असा गेला की मोजणाऱ्या स्टेपानने यंत्राला थापड मारली, त्याला वाटलं अडकलं. नाही. खरंच आकडा होता. तुझ्या पत्रात जो आनंद आहे ना, तो मी पाहिलेला आहे, त्याच रंगाचा. सणाच्या आधी दोन दिवस शिक्का पडला. आमची पद्धतच तशी होती: कांडी ताजी असताना मोजायची, शिक्का मारायचा, पेटीत घालून रवाना करायची. कांडी ठेवून देऊन पुन्हा मोजायची हे कुणाच्या डोक्यात येत नसे, आणि आलं तरी फडताळावर पडलेली कांडी म्हणजे न पाठवलेला माल, त्याचा जाब द्यावा लागे. तुमच्याकडे फडताळं भरपूर आहेत, म्हणतेस. मग कुणाची घाई आहे?

रोझाने मात्र एक तुकडा आपल्या खणात टाकला होता. तिला आकडा पटला नव्हता. "माझ्या मिठाने एवढं होत नाही," ती म्हणायची, "मीठ मला ओळखतं, मी मिठाला." मार्चमध्ये तिने तो तुकडा काढून मोजला. निम्म्यावर आला होता. मिठाची भेसळ जागची हलत नाही, यारिना. तांबं चालतं. त्या पापुद्र्यांच्या मधल्या फटींतून, भट्टी नको, ऊब नको, नुसतं खणात पडल्या पडल्या चालत चालत कडेला येतं आणि बाहेर बसतं. रोझाने त्या तुकड्याची कड भिंगाखाली धरून मला दाखवली, तांबूस रेघ होती. "हे कुठून आलं?" तिने विचारलं. मी नळी धुवत होते. मी म्हटलं, "मला काय माहीत." तिने भिंग खाली ठेवलं आणि सव्हेलियेविचला चिठ्ठी लिहिली. त्याने सांगितलं, तुकडा ओला झाला असेल. पुढच्या आठवड्यात त्याला पदक मिळालं. टाळ्या वाजवायला आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो, आणि आजूबाजूला नेहमीप्रमाणे जागा रिकामी.

दुसऱ्या हिवाळ्यात उत्तरेत यंत्रं एकामागून एक बंद पडली. शेगडी पेटलेली, पत्र्याचे पंख तापलेले, आणि वीज नाही. एका केंद्रावर चार माणसं एकोणीस दिवस मुकी बसली होती. एकाचा पाय कापावा लागला, कारण विमान बोलावता आलं नाही. मॉस्कोहून चौकशी समिती आली. तीन माणसं, एकसारखे कोट. त्यांना वीजही समजत होती आणि ऊबही, पण त्यांना तांबं शोधायचं नव्हतं. तांबं शोधलं असतं तर पदक कुणी दिलं हे शोधावं लागलं असतं. त्यांना एक माणूस हवा होता, तोही लहानसा. वजनाच्या वहीत सही कुणाची? रोझा मोइसेयेव्हनाची. समितीच्या कागदात लिहिलं गेलं की तोलणारीची दृष्टी अधू झाली असून हात कापतो, त्यामुळे भेसळीचं प्रमाण चुकलं. तिचे डोळे ससाण्यासारखे होते. ती तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावरच्या बाईच्या मोज्यातलं भोक सांगायची. वसंतात तिला काढलं. तीस वर्षं तोललं होतं तिने.

त्याच उन्हाळ्यात आम्हाला फ्लॅट मिळाला. हाच, ज्यात तू वाढलीस, ज्याच्या बाल्कनीत तू मांजराला पाळणा बांधला होतास. त्याआधी आम्ही तळघरात राहत होतो, भिंतीवर बुरशी, तुझ्या आईला सतत खोकला. सरकारी घरांच्या रांगेत आमचा नंबर दोनशेच्या पुढे होता. तो एकदम अकरावा कसा झाला हे तुझ्या आजोबांनी मला विचारलं नाही. ते चांगले होते, पण खोल्या मोजताना त्यांनाही प्रश्न पडत नसत.

रोझा थिएटरात कोट ठेवून घ्यायच्या खिडकीत बसू लागली. मी थिएटरात जाणं सोडलं, तसंही मला गाणाऱ्या जाड बायका आवडत नाहीत. पण बाजार कसा सोडणार? एकदा मासळीच्या टपरीशी ती अगदी समोर आली. हातात जाळीची पिशवी, पिशवीत दोन बटाटे. मी म्हटलं, "नमस्कार, रोझा मोइसेयेव्हना." ती माझ्यापलीकडे बघत मासेवालीला म्हणाली, "कुणी बोललं का गं? मला दिसत नाही हो, माझे डोळे गेले आहेत. कागदावर आहे तसं, मॉस्कोचा शिक्का आहे." मासेवाली हसली, तिला गंमत वाटली. मग रोझा वाकून माशाचे कल्ले उघडून म्हणाली, "हा परवाचा आहे, ताजा म्हणून विकू नकोस," आणि निघून गेली. तो खरंच परवाचा होता. मी तोच घेतला.

ती चौऱ्याऐंशी साली गेली. मयताला सातजण होते, मी आठवी, कुंपणाबाहेर. सव्हेलियेविच अजून पुष्कळ जगला, त्याच्या नावाची पाटी लागली आहे, पाटीखाली मुलं सिगारेटी ओढतात. चांगलं करतात.

इथे दिवसातून दोनदा वीज जाते. आता गेली आहे, मी खिडकीशी बसून लिहिते आहे. वीज करणाऱ्या धंद्यात माझी बत्तीस वर्षं गेली आणि चहा गॅसवर करून गारच प्यावा लागतो, कारण ओक्साना मध्येच रडायला येते. तिचा नवरा आघाडीवर आहे. तिला मी रागावते, मग ती रडायची थांबते. तुझी आई बरी आहे, गुडघ्याला पट्टा बांधून फिरते, तू लग्न कधी करणार हे विचारायला तिने मला सांगितलं आहे, तर विचारलं असं समज.

आता ऐक, काय करायचं ते. त्या वसंतातल्या दोन कांड्या टाकून देऊ नकोस. त्यांची कड घासून भिंगाखाली धर. तांबूस रेघ दिसेल. नवीन कांड्याही फडताळावर ठेव, उन्हाळ्यापर्यंत हात लावू नकोस, शिळ्या होऊ दे, मग मोज. मोटारवाल्यांना म्हणावं, उन्हाळ्यात या. रागावतील. प्राध्यापकांची शीळ बंद पडेल. तुला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही याचा ते पुन्हा विचार करतील, हेही मला कळतं. मी तुला असं सांगणार नाही की सत्याने वागलीस तर सगळं नीट होईल. रोझा सत्यानेच वागली होती.

राहिलं एक. समितीने आम्हाला एकेकीला आत बोलावलं होतं. मधल्या कोटाने मला चहा दिला, साखर घालून, आणि विचारलं, "नागरिक हृन्चुक, तुम्ही त्यांच्या शेजारी नऊ वर्षं काम केलंत. त्यांच्या हातून चूक होऊ शकते का?" त्याने माझं नाव रांगेच्या यादीत पाहिलं होतं, यादी त्याच्यासमोर टेबलावरच होती, उघडी. मला नुसतं "नाही" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "त्यांचे डोळे गेले आहेत हो आताशा. हातही कापतो. वाईट वाटतं, दोन वर्षांनी पेन्शन होती, पण काय करणार." कोटाने लिहून घेतलं, मी सही केली, सुवाच्य, कारण सही करायलाही मला तिनेच शिकवलं होतं. तांब्याचे तुकडे मी टाकले हे तुझ्या आईला माहीत नाही, तुझ्या आजोबांना माहीत नव्हतं, पाद्र्याला मी सांगितलं नाही, कारण तो बडबड्या आहे. तुला सांगायचंही नव्हतं. पण तुझ्या त्या तीन ओळी वाचल्या आणि मला माझाच आवाज ऐकू आला, तोच शब्द, तेच वाईट वाटणं. सगळे म्हणतात यारिना आजीवर गेली आहे, तेच नाक, तीच बोटं. मला आजवर ते ऐकून बरं वाटायचं. नुरहानकडे बोट दाखवताना तुला त्रास झाला नाही, हेच मला सांगायचं आहे. मलाही झाला नव्हता, चहा गोड होता. त्रास नंतर येतो आणि मग तो जात नाही, आणि त्याचा कुणाला काही उपयोग होत नाही. प्राध्यापक सोमवारी नऊला येतात, असं तू मागे लिहिलं होतंस. तू साडेआठला त्यांच्या दारात उभी राहा आणि दिलेला कागद परत माग. दुसरा लिही, तुझ्या नावाने, तुझ्या सहीने. नुरहान त्यानंतर तुझ्याशी बोलणार नाही. नको बोलू दे.

तुझीच, आणि तू माझी आहेस म्हणूनच धास्तावलेली,
परास्का आजी